चतुर्विध दान, एकाच छपराखाली



काही शब्द मूळचे इंग्रजी आहेत हे आपण विसरूनच गेलो आहोत. ‘बोर्डिंग’ हा त्यातला एक. आपल्या समाजात कुणी म्हणाले की "आमचे मामाजी बोर्डिंगात शिकले", तर अर्थ विचारावा लागत नाही. बाहेरगावचा मुलगा, घरची बेताची परिस्थिती, शहरातली शाळा, सूर्यास्तापूर्वीचे जेवण, सकाळी देवदर्शन आणि समाजातल्या कुणा शेठजींच्या नावाची पाटी असलेली इमारत, हे सगळे त्या एका शब्दात येते. मात्र ही बोर्डिंगे कशी सुरू झाली, कुणी चालवली आणि कुणाला दाराबाहेर ठेवले, हे आपल्या मुली-सुनांना फारसे माहीत नाही. म्हणून आज थोडा इतिहास.

सुरुवात आपल्याच ग्रंथापासून करू. पाठशाळेत आपण चार दाने शिकलो: आहार, औषध, ज्ञान आणि अभय. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात ही यादी जरा वेगळी आहे. तिथे आहार आणि औषध तर आहेतच, शिवाय उपकरण आहे आणि आवासही आहे. आवास म्हणजे राहायला जागा. तिथला मुख्य संदर्भ मुनींच्या वैयावृत्त्याचा आहे हे खरे. गरजू जीवाला आपण जे देतो त्याला शास्त्रात करुणादान म्हणतात. तरीही ही यादी वाचताना माझ्या मनात आले की एखादे बोर्डिंग नीट चालले, तर ही सगळी दाने एका छपराखाली घडतात. मुलाला जेवण मिळते, आजारी पडला तर औषध मिळते, पाटी-पुस्तक मिळते, निजायला जागा मिळते. आणि ज्या मुलाच्या घरी रोज उद्याची भीती असते, त्याला अभयही मिळते.

परगावच्या मुलाने जेवायचे कुठे?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शिक्षणाची खरी अडचण फीची नव्हती. ती आपल्या खात्यातली होती, म्हणजे स्वयंपाकघराची. हायस्कूल फक्त मोठ्या गावात असे. बारा-तेरा वर्षांचा मुलगा तिथे गेला तर त्याने राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे?

गरीब ब्राह्मण मुलासाठी एक जुनी सोय होती. तो माधुकरी मागे, किंवा वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे करत कित्येक मोठी माणसे शिकली. पण कुणब्याच्या, तेल्याच्या, कोष्ट्याच्या पोराला शहरात वार कोण देणार? महार-मांगांच्या मुलाला तर उंबऱ्याजवळही उभे करत नव्हते.

आपल्या मुलांची अडचण आणखी निराळी होती. खानावळीत जेवावे तर कांदा-बटाटा, रात्रीचे जेवण, न गाळलेले पाणी. घरचे म्हणत, धर्म सोडून शिकण्यापेक्षा दुकानात बसलेले बरे. धर्म की शाळा अशी निवड करायची वेळ आली की बहुतेक घरांनी शाळा सोडली. ही कोंडी पैशाच्या मदतीने सुटणारी नव्हती. त्यासाठी चूल पेटवावी लागणार होती.

मोत्यांचा व्यापारी आणि त्याची बोर्डिंगे

हे ज्याने ओळखले ते शेठ माणिकचंद हिराचंद, जे. पी. जन्म 1851, सुरतचा. लहानपणी भावांबरोबर मुंबईला आले, मोत्याच्या धंद्यात अगदी तळापासून शिकले आणि पुढे त्यांची पेढी मोत्यांच्या व्यापारात नावाजली गेली. स्वतःचे शिक्षण जेमतेम झाले होते, म्हणूनच ते दुसऱ्यांच्या शिक्षणाच्या मागे लागले असावेत. 1900 मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने मुंबईत तारदेवला हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग सुरू केले. मग अहमदाबाद, जबलपूर, कोल्हापूर, हुबळी अशी ठिकठिकाणी बोर्डिंगे उभी राहिली, काही त्यांच्या पैशाने, काही त्यांच्या प्रेरणेने. 1914 मध्ये ते वारले तेव्हा समाजात त्यांचे नाव ‘दानवीर’ या पदवीशिवाय कुणी घेत नव्हते.

श्वेतांबर समाजातही हेच वारे वाहत होते. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले ते 1915 मध्ये. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना राहायला-जेवायला मिळावे हा तिथला मुख्य हेतू. साधू-आचार्य मंदिराच्या जोडीला वसतिगृह बांधा म्हणून सांगू लागले, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे माझे लक्ष आधी हिशेबाकडे जाते. माणिकचंदांची मला आवडलेली बाब अशी की त्यांनी एक मोठे मंदिर बांधून सगळा पैसा तिथेच लावला नाही. त्यांनी तो गावोगावी वाटला, आणि प्रत्येक ठिकाणी तिथल्या समाजाला चालवायला भाग पाडले. दक्षिणेत दक्षिण महाराष्ट्र जैन सभा 1899 मध्येच स्थापन झाली होती; तिने बोर्डिंगांचा भार उचलला. दाता गेला तरी चूल विझू नये, यासाठी चालवणारे हात आधी लागतात.

कोल्हापूर : वसतिगृहांची जननी

याच काळात कोल्हापुरात शाहू महाराज त्याच प्रश्नाशी झुंजत होते. राजाराम कॉलेजचे वसतिगृह म्हणायला सर्वांसाठी होते, पण प्रत्यक्षात तिथे एकाच जातीची मुले राहत. मग महाराजांनी निराळी वाट धरली. प्रत्येक समाजाने आपले वसतिगृह काढावे, जागा आणि मदत दरबार देईल. 1901 मध्ये मराठा मुलांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्याच सुमारास जैन बोर्डिंग, पुढे मुसलमान, लिंगायत असे करत कोल्हापूर बोर्डिंगांचे गाव झाले. 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. मिस क्लार्क या मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्या.

जातीजातींची वेगळी वसतिगृहे काढून जात वाढणार नाही का, असा प्रश्न आज आपल्याला पडतो. पण त्या वेळी एका पंगतीत कुणी बसायला तयार नव्हते आणि मुलांचे वय काही थांबत नव्हते. आधी मूल शिकू द्या, पंगत मागून एक होईल, असा तो हिशेब होता. हा हिशेब किती खरा ठरला ते पुढच्या गोष्टीत दिसते.

आपल्याच बोर्डिंगातून काढलेला मुलगा

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात एक दांडगा मुलगा राहत होता. जन्म 22 सप्टेंबर 1887, गाव कुंभोज, बाहुबलीच्या डोंगराजवळचे. नाव भाऊराव पायगोंडा पाटील. अभ्यासात फार चमक नाही, कुस्तीत आणि पोहण्यात तरबेज. बोर्डिंगचे अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे, समाजातले विद्वान आणि सुधारक म्हणून आदरणीय व्यक्ती.

1908 मध्ये मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला हा मुलगा गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आले की आंघोळ करून मगच जेवणाच्या खोलीत ये. त्याने नकार दिला. माणसांना भेटून आलो, त्यात विटाळ कसला, हा त्याचा मुद्दा. लठ्ठ्यांनी त्याला बोर्डिंगातून काढून टाकले. मग शाहू महाराजांनी त्याच्या राहण्याची सोय राजवाड्यावर केली.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपण नेहमी अर्धीच सांगतो. कर्मवीर भाऊराव पाटील जैन होते, याचा आपल्याला केवढा अभिमान! दरवर्षी 22 सप्टेंबरला फोटोला हार घालतो. पण आपल्याच बोर्डिंगने त्यांना दार दाखवले होते, हे त्या दिवशी कुणी बोलत नाही. बोलायला हवे, आणि तेही लठ्ठ्यांना दोष देण्यासाठी नव्हे. ते चांगलेच गृहस्थ होते. त्यांनी नियम पाळला. चांगल्या माणसांनी पाळलेल्या नियमामुळेही एखादे मूल उपाशी परत जाऊ शकते, हे आपल्या लक्षात राहावे म्हणून बोलायला हवे.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तर त्याहून मोठा आहे. 1914 मध्ये कोल्हापुरात सातव्या एडवर्ड बादशहाच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासले. संशय लठ्ठ्यांवर घेतला गेला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष दे म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्याने आपल्याला जेवणाच्या खोलीतून उठवले त्याचा सूड उगवायची आयती संधी होती. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. त्यापायी तुरुंग भोगला, मार खाल्ला, जीव द्यायच्या टोकाला गेले, पण खोटे बोलले नाहीत. दर क्षमावाणीला आपण सगळ्यांना "खम्मामि" म्हणतो. या माणसाने ती क्षमा आणि ते सत्य अणुव्रत तुरुंगात पाळून दाखवले.

लक्ष्मीबाईंचे दागिने

4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे 1924 मध्ये बिऱ्हाड साताऱ्याला हलले आणि तिथे सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळी मुले एका छपराखाली राहत. मुले पाळीने स्वयंपाक करत, भांडी घासत, शेतात राबत. 25 फेब्रुवारी 1927 रोजी गांधीजी तिथे आले आणि वसतिगृहाला ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव देण्यात आले. कोल्हापुरात वेगवेगळ्या बोर्डिंगांत वाटली गेलेली मुले साताऱ्यात एका पंगतीला बसली, ती अवघ्या वीस वर्षांच्या आत.

पण ही पंगत वाढली कुणी? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. त्या कुंभोजच्या सधन जैन पाटील घराण्यातल्या लेक. सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या. अशा बाईच्या स्वयंपाकघरात नवऱ्याने सगळ्या जातींची पोरे आणून बसवली. त्यांना सुरुवातीला ते सोपे गेले असेल असे मला वाटत नाही. तुम्ही-मी त्या जागी असतो तर? पण त्यांनी त्या पोरांना आईसारखे सांभाळले. धान्य संपले की अंगावरचा एकेक दागिना मोडला. शेवटी एकदा सणाच्या तोंडावर मुलांना खायला काही नाही म्हटल्यावर त्यांनी मंगळसूत्रही काढून दिले. जैन घरातल्या सवाष्णीने मंगळसूत्र मोडले, आणि तेही ‘हलक्या’ जातीच्या पोरांसाठी! त्या काळात गावाने काय काय बोलले असेल त्याची कल्पना आपण बायका करू शकतो. 1930 मध्ये त्या गेल्या, म्हणजे संस्था मोठी झालेली त्यांनी पाहिलीच नाही.

रयतच्या कामाला गावोगावच्या बायकांचा आणखी एक हातभार होता, तो मुष्टिफंडाचा. दळायला बसताना रोज मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते वसतिगृहाला द्यायचे. एका घराला त्या मुठीचे काही वाटत नाही, पण शंभर घरांच्या मुठी जमल्या की पोत्याचा हिशेब होतो. आजच्या भाषेत याला लहान ठेवीदारांचा निधी म्हणतील. मोठ्या देणगीदारावर अवलंबून असलेली संस्था त्याच्या मर्जीवर चालते. मुठीवर चाललेली संस्था मात्र गावाची होते.

भाऊराव 9 मे 1959 रोजी गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले होते. साताऱ्याच्या कॉलेजात त्यांनी रुजवलेली ‘कमवा आणि शिका’ ही रीत आज महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांत चालते.

आपल्या वऱ्हाडात

सगळे काही पश्चिम महाराष्ट्रातच झाले असे नाही. आपल्या विदर्भातल्या कारंजा-लाडला, जिथे तीन-तीन भट्टारक परंपरांची मंदिरे आणि जुन्या पोथ्यांची भांडारे आहेत, तिथे 1918 मध्ये महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. स्थापना केली ती करमाळ्याच्या देवचंद शहा या पदवीधर ब्रह्मचारी तरुणाने. पुढे तेच मुनी समंतभद्र महाराज झाले. 1934 मध्ये त्यांनीच कुंभोजजवळ बाहुबलीला दुसरे गुरुकुल काढले.

गुरुकुल आणि बोर्डिंग यांत फरक आहे. बोर्डिंगात मूल राहते-जेवते आणि शिकायला बाहेरच्या शाळेत जाते. गुरुकुलात शाळा, धर्म, व्यायाम, शिस्त, सगळे एकाच आवारात. आईबाप नसलेली, एकच पालक असलेली, शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुनिमाची, फेरीवाल्याची, खेडोपाडी बांगड्या विकणाऱ्या कासाराची अशी मुले अशा ठिकाणी शिकून उभी राहिली. "आपल्यात कुणी गरीब नाही" असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच इतवारी-महालच्या गल्ल्यांतून एकदा फिरावे. पापड लाटून आणि फॉल-पिको करून मुलांच्या फिया भरणाऱ्या बायका त्यांना भेटतील. जैन म्हणजे श्रीमंत या समजुतीचा सर्वांत जास्त तोटा आपल्यातल्या गरिबालाच होतो, कारण त्याला मागायचीही लाज वाटते.

मुलींचे काय?

आतापर्यंत सगळी मुलग्यांचीच गोष्ट झाली. मुलींसाठी पहिले दार उघडले ते माणिकचंद शेठजींच्याच लेकीने, मगनबाईंनी. ऐन तारुण्यात वैधव्य आले. वडिलांनी त्यांना कोपऱ्यात न बसवता शिकवले. मग मगनबाईंनी आपल्यासारख्या बायकांसाठी श्राविकाश्रम काढला, जिथे विधवा आणि निराधार मुली राहून शिकत आणि शिक्षिका होऊन बाहेर पडत. कंकुबाई आणि ललिताबाई या त्यांच्या सोबतिणी. पुढे सोलापूरच्या श्राविकाश्रमात सुमतीबाई शहांनी हेच काम कितीतरी मोठे केले.

यातली एक बाब मला महत्त्वाची वाटते. मुलग्यांची बोर्डिंगे शेठजींनी काढली आणि नोकरमाणसांनी चालवली. मुलींचे आश्रम बायकांनी काढले आणि त्या स्वतः तिथे राहिल्या. आपले सगळे आयुष्यच तिथे घातले. हे दान पावती-पुस्तकात चढत नाही.

आणि आपले नागपूर?

1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली आणि आपले गाव गिरणीचे झाले. गिरणीबरोबर वस्त्या वाढल्या. आई आणि बाप दोघेही भोंग्यावर कामाला जाणार, मग मूल सांभाळणार कोण आणि शिकवणार कोण? शहरातल्या गरिबाचा प्रश्न खेड्यातल्यापेक्षा असा वेगळा असतो. खेड्यात शाळा दूर असते. शहरात शाळा शेजारी असते, पण मुलाला तिथे पाठवायला आणि परत आल्यावर विचारायला घरी कुणी नसते.

मे 1920 च्या अखेरीस शाहू महाराज बहिष्कृत समाजाच्या अखिल भारतीय परिषदेचे अध्यक्ष म्हणून नागपुरात आले होते. त्या काळात इथल्या दलित समाजात शाळा आणि वसतिगृहांची चळवळ जोरात होती. संत चोखामेळ्याचे नाव इथल्या वसतिगृहाला आणि शाळेलाही मिळाले. जाईबाई चौधरी या बाईंनी तरुणपणी स्टेशनवर हमाली केली, मग शिकून शिक्षिका झाल्या. सवर्ण पालकांच्या विरोधामुळे नोकरी सोडावी लागली, तेव्हा मुलींसाठी स्वतःचीच शाळा काढली. लक्ष्मीबाईंच्या शेजारी माझ्या मनात जाईबाई बसतात. एकीने दागिने मोडले; दुसरीकडे मोडायला दागिनेच नव्हते.

याच नागपूरच्या खलाशी लाईन वस्तीत वाढलेल्या कौसल्या बैसंत्री यांनी ‘दोहरा अभिशाप’ हे आत्मकथन हिंदीत लिहिले आहे. आई-वडील दोघे एम्प्रेस मिलमध्ये. तरी लेकी शिकल्या, कौसल्याताई तर सीताबर्डीच्या भिडे कन्या शाळेत गेल्या. त्या वसतिगृहात नव्हत्या, घरीच होत्या. घर गरीब होते पण आईचा निश्चय पक्का होता. हे उदाहरण मुद्दाम दिले, कारण गरिबी दिसली की मूल घरातून उचलून संस्थेत ठेवावे असे आपल्याला फार लवकर वाटते.

आणि दुसऱ्या बाजूला अशीही मुले आहेत ज्यांना रात्री घरी राहणेच शक्य नसते. आपल्या इतवारीपासून हाकेच्या अंतरावर गंगाजमुना वस्ती आहे. तिचे नाव आपण घरात उच्चारत नाही. तिथल्या बायकांच्या मुलांसाठी नागपूरच्या राम इंगोले यांनी ‘विमलाश्रम’ हे घर उभे केले. त्या आयांनी मुले टाकून दिलेली नाहीत. मुलाने आपल्यासारखे आयुष्य काढू नये म्हणून त्यांनी मुले सोपवली आहेत. विटाळ मानायचा तर असा मानायला आजही जागा आहेच, फक्त आंघोळीचा नियम आता कुणी तोंडाने बोलत नाही. 1908 चा प्रश्न तसाच आपल्या दारात उभा आहे.

घर की बोर्डिंग?

2015 च्या बाल न्याय कायद्यात एक तत्त्व स्पष्ट आहे: मुलाची पहिली जागा कुटुंबात, संस्था हा शेवटचा उपाय. आपल्या राज्यात बालसंगोपन योजनाही आहे, जिच्यात एकल पालक किंवा नातेवाईक सांभाळत असलेल्या मुलासाठी दरमहा 2,250 रुपये मिळतात, म्हणजे मूल घरीच राहते. तुमच्या ओळखीत नवरा गेलेली बाई लेकरे सांभाळत असेल, तर आधी तिला ही योजना सांगा. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करायला तिच्यासोबत जा. नुसती माहिती देऊन उपयोग नाही. सोबत जाणे हेच खरे काम आहे.

पण जिथे घरच नाही, किंवा घरात दारू आणि मारहाण आहे, किंवा शिकायला परगावी जावेच लागते, तिथे बोर्डिंगला पर्याय नाही. आणि मूल ठेवले तर आईशी असलेला धागा तुटू नये. सुटीत घरी जाणे, फोनवर बोलणे, आई भेटायला आली की तिला दारात नव्हे तर पंगतीत बसवणे. जुन्या बोर्डिंगांत शिस्त फार होती, माया कुठे होती कुठे नव्हती. लक्ष्मीबाई होत्या तिथे ती होती, एवढे नक्की.

शेवटी थोडा हिशेब

जुन्या दात्यांनी बोर्डिंगांना ध्रुव फंड दिले. मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजावर चालवायचे. हिशेब बरोबर होता, पण महागाई वाढत गेली आणि व्याज तेवढेच राहिले. आज समजा कुणी दहा लाख रुपये ठेवले आणि सात टक्के व्याज मिळाले, तर वर्षाचे सत्तर हजार. एका मुलाचा जेवण-राहणे-शाळेचा खर्च महिन्याला सहा हजार धरला, तरी वर्षाचे बहात्तर हजार होतात. म्हणजे दहा लाखांत एक मूलही पुरते सांभाळले जात नाही. आपण मात्र एकदा पाटी लावली की दान पूर्ण झाले असे समजतो. खाते पुरे नसले की इमारत पडायला लागते, मुले कमी होतात, आणि मग जागेची किंमत इमारतीहून मोठी दिसू लागते.

2025 मध्ये पुण्याच्या मॉडेल कॉलनीतल्या जैन बोर्डिंगच्या जागेच्या विक्रीवरून केवढे रान उठले ते तुम्ही पाहिलेत. समाज रस्त्यावर आला, मुनी महाराजांनी आवाज उठवला आणि तो व्यवहार शेवटी मागे पडला. चांगले झाले. पण मला त्या दिवसांत वाटत होते, आपण जमीन वाचवायला इतके जण एकत्र आलो. त्या आवारात मुले किती आहेत, ती जेवतात काय, खोल्या गळतात का, हे विचारायला आधी किती जण गेलो होतो?

म्हणून यंदाच्या पर्युषणात तीन गोष्टी सुचवते. एक, आपल्या मंडळाने एका मुलाचा किंवा मुलीचा पूर्ण वर्षाचा खर्च उचलावा आणि तो दरवर्षी चालू ठेवावा. बोलीत एकदाच दिलेल्या मोठ्या आकड्यापेक्षा बारा महिने येणारी मूठ बरी. दोन, ज्या संस्थेला देतो तिचा ताळेबंद मागावा; ट्रस्टींना राग येईल, येऊ द्या, हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे. तीन, देताना मुलाची जात विचारू नये आणि आईचा धंदा तर अजिबात विचारू नये.

रत्नकरंडात आवासदानाच्या आधी आहारदान आहे. त्यामुळे ज्यांना एवढे जमणार नाही त्यांनी लक्ष्मीबाईंचा धडा लहान करून घ्यावा. दागिना राहू द्या गळ्यात. रोज भाजणी-पिठाच्या डब्याशेजारी एक रिकामा डबा ठेवा आणि त्यात एक मूठ टाका. महिन्याअखेरीस तो डबा जिथे लहान मुले पंगतीला बसतात अशा एखाद्या दारात नेऊन द्या, आणि जमले तर स्वतः दोन पोळ्या वाढूनही या.